रात्री वारंवार लघवीला उठावं लागतं? आधी मोजा, मग गोळी मागा

"साहेब, हाताचं बघा आधी. रातीला उठले आन् ओसरीच्या पायरीवरून पडले."

सत्तरीकडे झुकलेल्या वडिलांना घेऊन आलेला मुलगा मनगटाची सूज दाखवत होता. एक्स-रे झाला, प्लास्टर झालं. जाताना मी सहज विचारलं, रात्री कशाला उठले होते? "लघवीला. चार वेळा उठतेत रोज. वय झालंय ना आता." दोन वर्षांपासून हे असंच चाललं होतं. घरात कुणालाही तो आजार वाटला नव्हता, आणि आजोबांनाही ते डॉक्टरला सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

बीड जिल्ह्यात प्रॅक्टिस करताना ही तक्रार मला जवळपास रोज ऐकायला मिळते, पण बहुतेक वेळा अशीच आडून. कुणी गुडघ्यासाठी येतं, कुणी झोपेची गोळी मागायला येतं, कुणी पडून येतं. खोदून विचारलं की कळतं, मूळ दुखणं रात्रीच्या लघवीचं आहे. वयाचा संबंध त्यात आहेच, पण "वय झालं" हे निदान नव्हे. बऱ्याच जणांच्या बाबतीत कारण सापडतं, आणि निम्म्या वेळा तरी ते ऑपरेशन न करता कमी करता येतं.

किती वेळा उठणं नॉर्मल?

झोप लागल्यावर लघवीसाठी जाग आली आणि लघवी करून पुन्हा झोपलात, तर ती एक वेळ धरायची. साठीनंतर रात्री एकदा उठावं लागणं फारसं काळजीचं नाही. दोन किंवा जास्त वेळा उठावं लागत असेल, दिवसा डोळे मिटत असतील, किंवा हा प्रकार गेल्या काही आठवड्यांत नव्याने सुरू झाला असेल, तर तपासणी करून घ्या. तीस-पस्तिशीतल्या माणसाला रोज दोनदा उठावं लागत असेल तर वयाकडे बोट दाखवताच येत नाही.

आणखी एक गोष्ट आधी तपासा. लघवीमुळे जाग येते, की जाग आल्यामुळे लघवीला जाता? गुडघे ठणकतात, खोकला येतो, डास चावतात, मुलीच्या लग्नाची काळजी लागलेली असते. अशा कारणांनी झोप मोडली की माणूस उठतो आणि उठलोच आहोत तर जाऊन येऊ म्हणतो. अशा वेळी लघवीचा दोष नसतो, झोपेचा असतो. उपचारही वेगळा.

एक वही, एक मोजमाप आणि तीन दिवस

मी पहिल्याच भेटीत गोळी देत नाही म्हणून काहीजण नाराज होतात. पण रात्री लघवी जास्त होण्याचे तीन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. प्रकार ओळखायला सोनोग्राफीच्याही आधी एक वही लागते.

मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा जुना मग किंवा वरून कापलेली पाण्याची बाटली घ्या. तीन दिवस, चोवीस तास, प्रत्येक वेळची लघवी त्यात करून किती मिली झाली ते लिहा. वेळ लिहा. झोपायला कधी गेलात आणि कधी उठलात तेही लिहा. पाणी, चहा, ताक, दूध किती वाजता आणि साधारण किती घेतलं याचीही नोंद ठेवा. लिहिता येत नसेल तर नातवाला कामाला लावा, हे काम नातवंडं फार मनापासून करतात.

हिशोब करताना एक नियम लक्षात ठेवा. झोपण्याआधीची शेवटची लघवी दिवसात धरायची. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी मात्र रात्रीत धरायची, कारण ती रात्रभरात तयार झालेली असते.

समजा चोवीस तासांत एकूण १८०० मिली लघवी झाली आणि त्यातली ९०० मिली रात्रीची निघाली. म्हणजे निम्मी लघवी रात्री तयार होते आहे. पासष्टीनंतर रात्रीचा वाटा एकूण लघवीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असेल, तरुणपणी एक पंचमांशापेक्षा जास्त असेल, तर तो रात्री लघवी जास्त तयार होण्याचा प्रकार. इथे लघवीची पिशवी बिचारी निर्दोष असते.

दुसऱ्याची वही सांगते की दिवसा काय आणि रात्री काय, प्रत्येक वेळी ८०-१०० मिलीच होते. निरोगी पिशवीत ३०० ते ५०० मिली सहज मावते. म्हणजे इथे पिशवीत लघवी साठत नाही किंवा ती पूर्ण रिकामी होत नाही. पुरुषांत प्रोस्टेट, स्त्रियांत जंतुसंसर्ग किंवा पिशवीचा चळ, दोघांतही मुतखडा, अशी कारणं इथे शोधायची.

तिसऱ्याची वही चोवीस तासांत तीन लिटरच्या वर जाते. भरपूर लघवी, भरपूर तहान. या माणसाची शुगर त्याच दिवशी तपासायची.

शुगर

रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेली की किडनी ती अडवू शकत नाही. साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते, म्हणून तहान लागते, आणि तहान लागली म्हणून माणूस पाणी पितो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, पाणी जास्त पितो म्हणून लघवी होते. खरं तर ते उलटं असतं. अशा माणसाला पाणी कमी प्यायला सांगणं धोक्याचं आहे.

गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर आणि बीपी मोफत तपासतात. तिशीनंतर वर्षातून एकदा तपासायला हरकत नाही, रात्रीची लघवी वाढली असेल तर आजच जा.

शुगरच्या रुग्णांसाठी दोन खास गोष्टी. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा 'फ्लोझिन' नावाच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढूनच काम करतात, त्यामुळे लघवी थोडी वाढणारच. त्या हृदयाला आणि किडनीला चांगल्या आहेत, मनाने बंद करू नका. रात्री घेत असाल तर सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारा. दुसरं, दहा-पंधरा वर्षं शुगर असेल तर पिशवीच्या नसा बधिर होतात. पिशवी भरलेली कळत नाही, रिकामी पूर्ण होत नाही, आणि वरची वरची लघवी थेंबथेंब येत राहते. सोनोग्राफीत लघवी करून आल्यानंतर किती शिल्लक राहिली हे मोजलं की ते समजतं.

पायात साठलेलं पाणी रात्री उतरतं

आता आमच्या आजोबांकडे येऊ. त्यांच्या वहीत रात्रीचा वाटा निम्म्याच्या वर निघाला. घोट्यावर बोटाने दाबलं तर खड्डा पडत होता. दिवसभर पाय लोंबते ठेवून बसलं, उभं राहिलं, की पाणी पायांच्या पेशींमध्ये उतरतं. रात्री आडवं झाल्यावर तेच पाणी रक्तात परत येतं, किडनी ते गाळते, आणि दोन तासांनी जाग येते. म्हणजे आजोबा रात्री जे पाणी काढत होते ते दिवसभर पायात साठलेलं होतं. संध्याकाळी पाणी बंद करून त्यांना फरक पडला नव्हता, तो यामुळेच.

पाय सुजण्याची कारणं पुष्कळ. हृदय अशक्त होणं, किडनीचा आजार, पायाच्या शिरा फुगणं, आणि औषधं. बीपीसाठी दिली जाणारी ॲम्लोडिपिन ही चांगली आणि स्वस्त गोळी आहे, पण काहीजणांच्या पायावर तिच्याने सूज येते. आजोबा ती घेत होतेच. शिवाय लघवी वाढवणारी दुसरी गोळीही होती, आणि ती ते रात्री जेवणानंतर घ्यायचे. का? "सगळ्या गोळ्या एकदमच घेतो, ध्यानात राहतं." सकाळी घ्यायची गोळी रात्री घेतली जात होती, दोन वर्षं. तिची वेळ बदलली, बीपीची गोळी बदलली, दुपारी पाय वर करून झोपायला सांगितलं. चारवरून ते दोनवर आले, काही रात्री एकावर. प्रोस्टेटही थोडी वाढलेली आहे, पण तिच्यासाठी अजून गोळी लागलेली नाही.

दुपारी तासभर पाय छातीच्या पातळीइतके उंच ठेवून पडणं हा फुकटचा उपाय आहे. पायाखाली दोन उशा किंवा घडी केलेली गोधडी चालते. पायातलं पाणी दुपारीच उतरतं, लघवी संध्याकाळी होऊन जाते. मात्र आडवं झाल्यावर दम लागत असेल, दोन-तीन उशा घेऊन झोपावं लागत असेल, तर आधी हृदयाची तपासणी.

मीठ हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. आपल्याकडे भाकरीबरोबर ठेचा, लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी. वर ताकात मीठ. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं आणि किडनी ते रात्री बाहेर टाकत बसते. जपानमधल्या नागासाकीच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला होता. झोपेच्या तक्रारी आणि जास्त मीठ खाण्याची सवय असलेल्या लोकांनी रोजचं मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलं, तर रात्री उठणं सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते रोज ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे दिवसभरात सपाट एक चमचा. सैंधव मीठही यात मीठच धरायचं.

घोरणं

हे ऐकून रुग्ण हसतात. जोरात घोरणाऱ्या, मध्येच श्वास अडकून दचकणाऱ्या माणसाच्या छातीत प्रत्येक अडथळ्यासरशी ताण बदलतो, हृदय ताणलं जातं आणि त्यातून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. माणसाला वाटतं लघवीने जाग आली. मान जाड, पोट सुटलेलं, बीपी आटोक्यात नाही, दिवसा मोटारसायकल चालवताना डुलकी, असं चित्र असेल तर घरच्यांना विचारा रात्री श्वास थांबतो का. झोपेची तपासणी होते आणि मशीनने घोरणं आटोक्यात आलं की रात्रीची लघवीही कमी होते.

पुरुषांची प्रोस्टेट

पन्नाशीनंतर ही ग्रंथी बहुतेकांची वाढते. लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, धार बारीक होणं, मध्येच तुटणं, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटणं, ही तिची लक्षणं. वाढ म्हणजे कॅन्सर नाही. पण दोघांची लक्षणं सारखी असू शकतात म्हणून बोटाने तपासणी, पीएसए नावाची रक्त तपासणी आणि सोनोग्राफी करायची. बोटाच्या तपासणीला लाजू नका, अर्ध्या मिनिटाचं काम असतं.

टॅम्सुलोसिनसारखी गोळी ग्रंथीचे स्नायू सैल करते, आठवड्याभरात फरक कळतो. पहिले काही दिवस उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून झोपताना घ्यायची आणि खाटेवर दोन मिनिटं बसून मग उभं राहायचं. ग्रंथी लहान करणाऱ्या गोळीला तीन ते सहा महिने लागतात. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नका. ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही. आणि एक सावधगिरी: प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने मेडिकलमधून सर्दीची गोळी परस्पर घेऊ नये. अशा एका गोळीवर लघवी पूर्ण तुंबून रात्री नळी टाकायची वेळ आलेले रुग्ण दर हिवाळ्यात येतात.

बायका सांगत नाहीत

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायकोचा 'कोयता' मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो, तो उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतो. फडात पहाटेपासून काम. आडोसा नाही, संडास नाही. मग बाई काय करते? पाणीच पीत नाही. आलेली लघवी दाबून धरते. आणि संध्याकाळी कोपीवर आल्यावर, अंधार पडल्यावर तहान भागवते. दिवसाचं सगळं पाणी रात्री. परिणाम दोन: रात्री तीन-तीनदा उठणं, आणि पिशवीत जंतूंची वाढ. जळजळ, ओटीपोटात दुखणं, थोडी थोडी लघवी. हीच गोष्ट शेतमजूर बायकांची, एसटीने रोज ये-जा करणाऱ्या शिक्षिकांची आणि दिवसभर बाजारात बसणाऱ्या भाजीवालीचीही.

या बायकांना मी पाणी कमी करा असं सांगत नाही, उलट दिवसा वाढवायला सांगतो. सकाळपासून दुपारपर्यंत विभागून पाणी, दर तीन-चार तासांनी लघवी. दोघी-तिघींनी मिळून साडीचा आडोसा करून जावं, पण दाबून धरू नये. जळजळ असेल तर लघवीची तपासणी, शक्य असेल तर कल्चर, आणि डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स. दोन गोळ्यांत बरं वाटलं म्हणून उरलेल्या जावेला देऊ नका.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आपल्याकडे 'पिशवी' हा शब्द दोन अवयवांना वापरतात, लघवीची पिशवी आणि गर्भपिशवी. "पिशवीला सूज आहे" एवढं ऐकून कित्येकजणींना वाटतं की पिशवी काढली की लघवीचा त्रासही जाईल. जात नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींत एक, आणि त्यातल्या कित्येक चाळिशीच्या आतल्या. ज्यांच्या गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढले गेले, त्यांची पाळी जाण्याची अवस्था एका दिवसात येते. त्यानंतर लघवीच्या मार्गाची त्वचा कोरडी पडते, लघवी घाईने लागते, रात्री उठणं वाढतं, जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो. हे भोगणाऱ्या बाईला कुणी सांगितलेलंच नसतं की यावर उपाय आहे. योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम स्त्रीरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने वापरता येतं आणि त्याचा चांगला उपयोग होतो.

तेव्हा लघवीच्या तक्रारीसाठी कुणी गर्भपिशवी काढायचा सल्ला दिला, तर घाई करू नका. जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात दुसरं मत घ्या. अंग बाहेर येत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तपासणी करून तज्ज्ञ काय ते ठरवतील.

खोकताना, शिंकताना लघवी सुटत असेल किंवा लागल्यावर धरवत नसेल तर ओटीच्या स्नायूंचा व्यायाम करा. गॅस आणि लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते पाच सेकंद आवळा, पाच सेकंद सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करत असताना हा व्यायाम करायचा नाही. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. भाकरी थापताना, टीव्ही बघताना करता येतो, कुणाला कळतही नाही.

संध्याकाळनंतर काय बदलायचं

झोपायच्या दोन-तीन तास आधीपासून पाणी कमी, दिवसभराचं एकूण पाणी मात्र नाही. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना पाणी तोडणं म्हणजे मुतखडा आणि उष्माघाताला बोलावणं. चहा संध्याकाळी पाचनंतर बंद. दारू लघवी वाढवते आणि झोपही मोडते. रात्रीचं जेवण पातळ आमटी, कढी, कलिंगड असं असेल तर तेही पाणीच आहे. रमजानमध्ये पाणी-चहा सगळा रात्रीच होतो, त्यामुळे महिनाभर रात्रीची लघवी वाढणं साहजिक आहे. रोजा ठेवणाऱ्या शुगर, बीपीच्या रुग्णांनी गोळ्यांच्या वेळा आधी ठरवून घ्याव्यात. बद्धकोष्ठता असेल तर ती काढा, भरलेलं आतडं पिशवीवर दाब देतं.

गोखरू, पुनर्नवा, जांभळाच्या बियांची पावडर याबद्दल रोज विचारणा होते. कारण न शोधता कुठलीही गोष्ट घेऊ नका, एवढंच म्हणेन. लघवी वाढवणारा काढा संध्याकाळी पिऊन रात्री लघवी कमी होणार नाही.

पिशवीचा चळ कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. पण त्यांतल्या काहींनी तोंड कोरडं पडतं, म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो, आणि प्रोस्टेट अडलेली असेल तर लघवी तुंबते. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून डेस्मोप्रेसिन हे औषधही आहे. त्याने रक्तातलं सोडियम धोकादायक खाली जाऊ शकतं, विशेषतः पासष्टीनंतर. शेजाऱ्याला गुण आला म्हणून ही औषधं आणू नका.

वाट पाहू नये असे प्रसंग

लघवी पूर्ण बंद झाली आणि ओटीपोट तट्ट फुगलं, तर रात्र असो की पहाट, १०८ ला फोन करा. लघवीत रक्त दिसलं, एकदाच आणि न दुखता दिसलं तरी दाखवा. थंडी वाजून ताप आणि कमरेत दुखणं, पाय अचानक लुळे पडणं किंवा जांघेत बधिरपणा, झोपल्यावर दम लागणं, गरोदरपणात जळजळ, झपाट्याने वजन उतरणं आणि न भागणारी तहान: यांपैकी काहीही असेल तर वही भरत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

बाकीच्यांनी वही भरून होईपर्यंत पडणार नाही याची सोय करा. खुब्याचं हाड मोडलं की म्हातारं माणूस कित्येकदा पुन्हा पूर्वीसारखं चालत नाही, आणि रात्री पडण्याचं मोठं कारण हेच लघवीला उठणं आहे. वाटेत छोटा दिवा, वीज नसेल तर उशाशी बॅटरी. वस्तीवर राहत असाल तर चप्पल घालताना आत बघा, आपल्याकडे विंचू कमी नाहीत. संडास अंगणाच्या टोकाला असेल तर रात्रीपुरतं खाटेजवळ झाकणाचं भांडं ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. आमच्या आजोबांना ते पटवायला नातवाला महिना लागला.

दवाखान्यात येताना भरलेली वही आणा आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा, पाकिटासकट. "पांढरी, गोल, लहानशी" एवढ्यावर आम्हाला गोळी ओळखता येत नाही.